रॅम्पच्या डाव्या बाजूला

महिन्यातला तिसरा शनिवार, संध्याकाळी चार.
रायबंदरचं वाचनालय, वरचा मजला.
खाली म्हातारी माणसं पेपरातली निधनं वाचतात,
वर आम्ही अकराजण, सात लॅपटॉप
आणि एकच एक्स्टेन्शन बोर्ड,
ज्याला जळक्या इस्त्रीचा वास येतो.
भिंतीवर पाटी : शांतता राखा.
राखतोच आम्ही. बोलतात ते कीबोर्ड.

आज आल्विटोची पाळी.
त्याच्याकडे एक नवं हत्यार आहे –
अख्खं ॲप बांधून होतं म्हणे
तोंडातला काजू चावून होण्याआधी.
गेल्या वर्षीचं हत्यारही त्यानं
याच टेबलापाशी, असेच हात उडवत दाखवलं होतं.
"ते आता कोण वापरतं?" सुलक्षा म्हणते.
तिच्या ऑफिसात अजून तेच आहे
हे आम्हाला ठाऊक असतं. कुणी बोलत नाही.

पडदा म्हणजे जुन्या नकाशाची उलटी बाजू.
प्रोजेक्टर लावला की नद्या आरपार दिसतात.
त्या नद्यांवर आल्विटो एक आज्ञा टाइप करतो
आणि काळ्या खिडकीत नावं येऊ लागतात,
एका पॅकेजला हवी असतात नऊ,
त्या नवांना दोनशे,
एका पत्रिकेवर सगळा गोतावळा यावा तशी.

ॲप उभं राहतं. आम्ही टाळ्या वाजवतो.
नमुना म्हणून तो आईची जन्मतारीख टाकतो :
एकोणतीस फेब्रुवारी.
लाल अक्षरांत उत्तर येतं –
असा दिवस नसतो.

"कुणाची रे ही फाईल?"
खोल, खूप खोल, सर्वांत खालच्या पॅकेजात
सतरा ओळी. तारखा मोजणाऱ्या.
कुठल्या कुठल्या दुकानांच्या, इस्पितळांच्या पायात
पाचरीसारख्या बसलेल्या.

"माझी," दारापाशी बसलेला माणूस म्हणतो.

दिवाडीचा नवसो. दर वेळी येतो,
एकही प्रश्न विचारत नाही, दोन समोसे खातो.
"पंचायतीच्या पाणीपट्टीची मुदत मोजायला लिहिलेली.
मग म्हटलं, असू दे सगळ्यांना."
"अरे, मग दुरुस्त कर! दोन मिनिटांचं काम."
"आत जाता येत नाही.
कोड दाखवायचा तो फोन पडला फेरीबोटीवरून.
रॅम्पच्या डाव्या बाजूला."

हसावं की कसं, कुणाला कळेना.
दर लीप वर्षी, तो सांगतो,
कुठल्यातरी थंड देशातून ईमेल येते :
प्रिय नवसो, फेब्रुवारीआधी काही करता येईल का?
तो क्षमस्व लिहितो
आणि सोबत नदीचा फोटो जोडतो.

"कॉपी करू," फर्मिना म्हणते, सर्वांत लहान,
अजून कॉलेजात आहे, तिला संकोच नसतो.
"तुझंच, पण नव्या नावानं."
चूक एका ओळीत होती. ती त्यानेच सुधारली,
दोन बोटांनी, टायपिंगच्या परीक्षेला बसल्यासारखी.
नावाला मात्र पाऊण तास लागला.
मांडवी कुणीतरी आधीच घेतलेलं.
काजू, फेणी, सुंगटं, सगळं गेलेलं.
शेवटी पाणीपट्टी ठेवलं. ते कुणालाच नको होतं.

पावणेसातला आल्विटोची आई जन्माला आली.

खालून काठी आपटल्याचा आवाज. वाचनालय बंद.

धक्क्यावर मी नवसोसोबत उभा.
नव्या पॅकेजचे आतापर्यंतचे ग्राहक : अकरा.
म्हणजे आम्हीच.
जुनं अजून आठवड्याला लाखांनी उतरवलं जातं,
त्याची किल्ली इथेच कुठेतरी,
कालवं चिकटलेली, चिखलात.
"शोधलास कधी?"
"एकदा. ओहोटीला. चप्पल सापडली, दुसऱ्या कुणाची."

बोट येते, साखळ्या खडखडतात,
स्कूटरी आधी, मग माणसं.
रॅम्पवर पाय ठेवण्यापूर्वी
नवसो शर्टाच्या खिशातला फोन काढतो
आणि मुठीत घट्ट धरतो,
डावीकडे न बघता.